तीन घरांचं मशीन

निरोप आला तेव्हा मुकादमीण खिडकीचे पडदे उतरवत होती. तिने चष्मा लावून फोन वाचला, मग चष्मा पुसून पुन्हा वाचला. उद्या शुक्रवारी सकाळी अकरा वाजता, शिलाई मशीनसाठी कर्ज घेतलेल्या तिन्ही सभासदांनी आपापलं मशीन घेऊन गटाच्या खोलीत हजर राहावं. खाली संस्थेच्या नव्या बाईंचं नाव होतं.

तिन्ही सभासद म्हणजे तिची थोरली सून, तिची लेक आणि तिची धाकटी सून. तिघींना मिळून मशीन एकच होतं, धाकटीचं, आणि ते याच खोलीत खिडकीखाली उभं होतं.

मुकादमीण पडदा हातात धरून खुर्चीवर बसली. तिच्या मनात पहिला प्रश्न 'आता काय करायचं' हा आला नाही. पहिला प्रश्न आला तो 'कुणी सांगितलं' हा. सवयच तशी होती. हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात तिने बावीस वर्षं काढली, त्यातली चौदा वर्षं बाकीच्या बायकांवर देखरेख करण्यात. मुकादमीण हे नाव तिथलंच, ते घरीही चिकटलं. चादरीची घडी पाहून ती कुणाच्या हातची ते सांगायची. एकदा सहा अभ्रे गायब झाले, तर उरलेल्या गठ्ठ्याच्या घड्या पाहून तिने संध्याकाळच्या आत चोर उभा केला होता. ही गोष्ट ती अजून सांगते, समोरच्याने आधी चारदा ऐकली असली तरी.

तेव्हा घरातला भेदी शोधणं तिला काय जड होतं.

खरं तर भेद होता तो असा. गट अकरा जणींचा, त्यात अध्यक्ष मुकादमीण. कर्ज बाईच्याच नावावर मिळायचं आणि ज्या कामासाठी घेतलं त्याच कामाला लावायचं. एकीनं खोटेपणा केला, तर अकराही जणींचं कर्ज बंद. धाकटीने मशीन म्हटलं आणि मशीनच आणलं. थोरलीने मशीन म्हटलं आणि थोरल्याचा जुना टेंपो दारात उभा राहिला. लेकीने मशीन म्हटलं आणि जावयाच्या मोबाइलच्या दुकानाला काचेची कपाटं आली. हप्ते वेळच्या वेळी जात होते, त्यामुळे मुकादमिणीला यात कुणाचं काही वाकडं झालेलं दिसत नव्हतं. आधीचा संस्थेचा माणूस पाहणीला यायचा, तेव्हा धाकटीचं मशीन थोरल्याच्या टेंपोत चढायचं, थोरलीच्या घरी उतरायचं, मग लेकीच्या घरी. तो माणूस चहा प्यायचा, मशीनवर थाप मारायचा आणि जायचा. त्या मशीनइतका टेंपोप्रवास घरातल्या एकाही माणसाने केला नव्हता.

पाचच्या सुमाराला सगळे जमले. थोरला आणि थोरली दोन गल्ल्या पलीकडून चालत आले. लेक आली, पण जावई मोटरसायकलवरून उतरले नाहीत. रस्त्यातच उभे राहून ते दाराकडे कान देत होते.

"त्यांना आत बोलव की," मुकादमीण म्हणाली.

"नको म्हणतात. म्हणतात हा तुमचा बायकांचा विषय," लेक म्हणाली.

"कपाटं लावताना नव्हता तो बायकांचा विषय?" थोरली पुटपुटली.

"वहिनी, टेंपोवाल्यांनी कपाटावर बोलू नये."

"पुरे," थोरला म्हणाला. "आई, माझा एक शिंपी मित्र आहे. त्याच्याकडून दोन मशिनं उद्यापुरती मागून आणतो. अकराला दाखवायची, बाराला परत."

"मशीनवर नंबर असतो, भाऊजी," धाकटी म्हणाली. ती कोपऱ्यात बसून एका एप्रनला नाडी लावत होती, मान वर न करता. "पावतीवर तोच नंबर लागतो. तुमच्या दोन्ही घरांच्या पावत्या वन्संच्या घरच्यांनी कुठल्या तरी दुकानातून आणल्या होत्या. त्यांच्यावर कुठले नंबर आहेत कुणास ठाऊक."

बाहेर जावयांनी मोटरसायकलचा आरसा उगाच सारखा केला.

मुकादमीण धाकटीकडे पाहत राहिली. ही पोरगी चार वर्षांपूर्वी या घरात आली. नवरा बोटीवर, वर्षातले नऊ महिने पाण्यावर. दर वेळी मशीन उचलून न्यायचे तेव्हा हिचं दोन दिवसांचं काम बुडायचं, टेंपोच्या हादऱ्याने मशीनचा टाका बिघडायचा, आणि ही एका शब्दाने बोलायची नाही. बोलणाऱ्याचं मन कळतं. मूग गिळून बसणाऱ्याचं काय कळणार? आणि आता हिला नंबरांची इतकी माहिती.

"तुला बरं ठाऊक, बाई काय काय तपासतात ते," मुकादमीण म्हणाली.

"माझं मशीन घेतलं तेव्हा तपासला होता नंबर."

"आई, मी सांगणार नव्हते," लेक म्हणाली, म्हणजे ती सांगायलाच आली होती. "सोमवारी मी हॉस्पिटलच्या फाटकाजवळून येत होते. धाकट्या वहिनी आणि त्या नव्या बाई उभ्या होत्या. चांगला पाऊण तास. हसत होत्या."

"पाऊण तास तू तिथे काय करत होतीस?" थोरलीने विचारलं.

"बसची वाट बघत होते."

आता सगळे धाकटीकडे पाहू लागले. तिने नाडीची गाठ मारली, दाताने दोरा तोडला आणि एप्रन मांडीवर ठेवला.

"एप्रनच्या कामाचं बोलत होते. हॉस्पिटलचं तीनशे एप्रनचं काम मिळतंय. येत्या सोमवारी माझं दुसरं कर्ज मंजूर होणार आहे, दोन मशिनांसाठी. तुम्हाला सांगितलंय मी, आई."

"सांगितलंस. अर्धंच सांगितलंस असं वाटतंय."

मुकादमीण उठली. धुलाईखान्यात ती अशीच उठायची, आणि बायका आपोआप भिंतीला टेकायच्या. तिने मशीनचा छोटा खण ओढला. बॉबिन, खडू, सुयांची पुडी, तेलाची कुपी. सगळं पुसून नीटनेटकं ठेवलेलं, जणू मशीनला कुठेतरी जायचं होतं. तळाशी कागदात गुंडाळलेली किल्ली होती. नवी, चकचकीत. या घराच्या एकाही कुलपाची नव्हे.

"ही कुठली?"

पहिल्यांदाच धाकटीचा चेहरा हलला. "खोलीची."

"कुठल्या खोलीची?"

"हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत. भाड्यानं घेतलीय, कामासाठी. तीन मशिनं इथे मावणार नाहीत. तुम्हाला सांगणारच होते, कर्ज हातात आल्यावर."

"ऐका," लेक म्हणाली. "खोली घेऊन झाली, किल्ली लपवून झाली, आणि आपण इथे बसलोय चोर शोधत."

मुकादमिणीला आत काहीतरी दुखलं, आणि दुखलं की ती रागावायची. तिच्या घरातून एक बाई निघून चालली होती आणि तिला पत्ता नव्हता. बावीस वर्षं घड्या ओळखणाऱ्या बाईला स्वतःच्या घरातली घडी उलगडता आली नाही. मग सगळं तिच्या डोक्यात झटक्यात जुळलं. धाकटीला मोकळं व्हायचं होतं. आपलं मशीन दोन घरं मिरवतात हे तिला डाचत होतं. बाईंच्या कानात एक वाक्य टाकलं की काम झालं. तिचं कर्ज पक्कं, बाकीचे उघडे.

"तूच सांगितलंस," ती म्हणाली.

"नाही."

"खाई त्याला खवखवे. किल्ली का लपवलीस?"

"किल्ली लपवली, आई. बाकी काही नाही केलं." धाकटीचा आवाज बारीक झाला होता, पण कापत नव्हता. "सांगायचंच असतं तर पहिल्यांदा मशीन उचललंत तेव्हाच सांगितलं असतं."

थोरला खोकला. "असं करू. उद्या हे एकच मशीन न्यायचं, आणि ते हिचं म्हणायचं." त्याने बायकोकडे बोट केलं. "आमचं कर्ज सगळ्यात मोठं आहे. ताईचं मशीन दुरुस्तीला. आणि धाकटीने सांगायचं, की तिचं विकलं. अडचण होती म्हणून विकलं. नवरा बाहेर असतो, एकटी बाई, तिला कोण जास्त बोलणार?"

"तिचं नवं कर्ज जाईल की," थोरली म्हणाली.

"गटाचं जाण्यापेक्षा एकटीचं गेलेलं बरं."

थोरली नवऱ्याकडे पाहत राहिली. तिच्या नावावर टेंपो आल्यापासून ती त्यात एकदाच बसली होती, तीही मशीनला धरायला. पण ती पुढे बोलली नाही. सगळ्यांचे डोळे मुकादमिणीकडे होते. नको म्हणायला तिला एक शब्द पुरला असता, पण तो शब्द राग गिळल्याशिवाय निघत नव्हता, आणि राग तिला गिळता येत नव्हता.

"थोरला म्हणतो तसं करू," ती म्हणाली.

धाकटी उठली. तिने मशीनवर झाकण घातलं आणि किल्ली सासूच्या हातातून काढून घेतली. ओरबाडली नाही, आपली वस्तू आपण घ्यावी तशी घेतली.

"मशीन न्या. मी आपणहून काही बोलणार नाही. पण मला विचारलं, तर मी विकलं म्हणणार नाही."

सकाळी अकराला गटाची खोली भरली होती. सातही बाहेरच्या बायका आल्या होत्या, कारण अशी बातमी लपत नाही. पुढे बेकरीवाली बसली होती, पिठाचे हात तसेच. तिला भट्टी वाढवायची होती आणि तिचं कर्ज पुढच्या महिन्यात होतं. मुकादमीण आत शिरली तशा या बायका बोलायच्या थांबल्या, आणि ते तिला आवडलं नाही. एरवी ती आत आली की बोलणं थांबायचं ते धाकाने. आजचं थांबणं वेगळं होतं.

थोरल्याने मशीन आणून मधोमध ठेवलं आणि तो दाराबाहेर टेंपोला टेकून उभा राहिला. जावई आलेच नव्हते.

नव्या बाई तरुण होत्या, साध्या, बोटांना जुन्या सुईच्या खुणा. त्यांनी मशीनकडे पाहिलं आणि विचारलं, "बाकीची दोन?"

"लेकीचं दुरुस्तीला आहे," मुकादमीण म्हणाली. "हे थोरल्या सुनेचं."

"आणि धाकट्या सूनबाईंचं?"

आता. मुकादमीण धाकटीकडे पाहायचं टाळत होती. धाकटी भिंतीशी बसून हातातल्या पिशवीचा बंद सारखा करत होती. बाईंनी उत्तराची वाट पाहिली नाही. त्यांनी पिशवीतून छापलेले दोन फोटो काढले आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

"हे तुम्हीच फोनवर पाठवले होते, महिन्यापूर्वी. बघा सगळ्याजणी."

मुकादमिणीने ते फोटो लगेच ओळखले. तिनेच तर काढवले होते. संस्थेने नियम बदलला, पाहणीला माणूस येण्याऐवजी फोटो मागवले, आणि तिला वाटलं होतं, बरं झालं, टेंपोचं तेल वाचलं. धाकटी एप्रन पोचवायला हॉस्पिटलात गेली होती. ती घरात नसताना काढलेले बरे, उगाच तिचं तोंड पाहायला नको. थोरली बसली, तिचा फोटो. मग पडदा बदलला, मशीनवरचं झाकण बदललं, मशीन दुसऱ्या भिंतीला लावलं, लेक बसली, तिचा फोटो. इतकी खबरदारी तर चोरही घेत नाहीत.

"यात काय आहे?" लेक म्हणाली. "मी शिवतेय, वहिनी शिवतायत."

"असं? मग तुम्हीच दाखवा, वहिनी." बाईंनी थोरलीपुढे चादरीएवढं कापड धरलं. "एक कड शिवून दाखवा. चार बोटं पुरे."

थोरली मशीनवर बसली. दाराबाहेर थोरला ताठ झाला. तिने सगळं कापड गोळा केलं आणि सुईच्या उजव्या बाजूला, सुई आणि मशीनचा खांब यांच्यामधल्या अरुंद घशात कोंबलं. मग जेमतेम एक कड सुईखाली ओढली. कापडाने घसा गच्च भरला, चाक फिरेना.

भिंतीशी बसलेल्या धाकटीचा हात आपोआप पुढे आला आणि मागे गेला.

"माझी आई शिवायची," बाई म्हणाल्या. "मी तिच्या पायाशी बसून वाढले. शिवणारी बाई कापडाचा पसारा कायम डाव्या हाताला सोडते. उजवीकडे जागाच नसते, तिथे फक्त शिवणीची कड. हे कुणी शिकवावं लागत नाही, दुसऱ्या दिवशी हातच शिकतो. या दोन्ही फोटोंत सगळं कापड उजवीकडे आहे. मला कुणी काही सांगितलं नाही. फोटो बघितले आणि कळलं, की या दोघी या मशीनवर कधी बसलेल्याच नाहीत."

मुकादमीण टेबलाजवळ गेली. तिने चष्मा लावला.

फोटोतलं कापड ती नीट पाहत होती. उजव्या बाजूला छान रचून ठेवलेलं, तीन पदरी, वरचा कोपरा आत दुमडलेला. दोन्ही फोटोंत तीच घडी. थोरलीची नव्हती. लेकीला तर नीट घडी घालताच येत नाही. ही घडी जगात एकाच बाईच्या हातची होती. फोटो काढताना थोरली म्हणाली होती, कापड कुठे ठेवू, आणि मुकादमिणीने तिला बाजूला सारून स्वतःच्या हाताने ते तिथे रचलं होतं. दिसायला नीट दिसावं म्हणून.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. कालपासून ती ज्याला शोधत होती तो हात तिच्याच खांद्याला होता.

आणि जिला दोन्ही फोटो पाहताक्षणी चूक कळली असती, ती घराबाहेर असतानाची वेळ मुकादमिणीने मुद्दाम साधली होती.

सुटायला अजून वाट होती. घाबरली म्हणून थोरलीचा हात चुकला, असं म्हणता आलं असतं. बेकरीवाली मुकादमिणीकडे एकटक पाहत होती, आणि दाराबाहेरून थोरला मानेने खुणावत होता, नाही, नाही.

"हे मशीन धाकटीचं आहे," मुकादमीण म्हणाली. तिला वाटलं होतं त्यापेक्षा आवाज लहान आला. "एकटीचं. बाकी दोन मशिनं कधी आलीच नाहीत. एकाचा टेंपो झाला, तो बाहेर उभा आहे. एकाची कपाटं झाली. धाकटीने काही केलेलं नाही. मी तिला काल विकलं म्हणायला सांगितलं होतं."

"आई," लेक म्हणाली.

"गप बस."

बाईंनी बराच वेळ काही लिहिलं. मग त्यांनी सांगितलं ते असं. दोघींनी उरलेलं कर्ज सहा महिन्यांत फेडायचं. तोवर दोघींना नवं काही नाही. अध्यक्ष आजच बदलायचा. आणि गट चालू ठेवायचा की नाही, धाकटीच्या नव्या कर्जाला जामीन राहायचं की नाही, हे उरलेल्या सात जणींनी ठरवायचं.

बेकरीवाली उठली. पिठाचे हात तिने साडीला पुसले.

"आमचीही कर्जं तुमच्या घरामुळे बुडाली असती," ती मुकादमिणीला म्हणाली. "तुम्ही हप्त्याला पाच मिनिटं उशीर झाला तर आम्हाला उभं करायचात. आठवतंय?"

"आठवतंय."

"शिवणारीसाठी मी सही करते. तुमच्यासाठी नाही." तिने पेन घेतलं आणि सही केली. मागे एकेक बाई उठत गेली. सातवी बराच वेळ घुटमळली, धाकटीकडे पाहून तिने शेवटी सही केली. मुकादमीण टेबलाशी उभी राहून सगळ्या सह्या होईपर्यंत पाहत राहिली. बसायला तिला कुणी सांगितलं नाही.

बाहेर ऊन चढलं होतं. थोरल्याने मुकाट्याने मशीन टेंपोत चढवलं. मुकादमीण धाकटीशेजारी येऊन उभी राहिली. धुलाईखान्यात तिने कुणाची माफी मागितली नव्हती, त्यामुळे शब्द कुठून सुरू करतात ते तिला माहीत नव्हतं.

"घडी माझी होती," ती म्हणाली. "फोटोतली."

"पाहिलं मी," धाकटी म्हणाली.

"काल तुला बोलले ते..."

"काल बोललात ते मी ऐकलंय, आई." तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि म्हणूनच मुकादमिणीला ते जास्त लागलं. मग धाकटी टेंपोकडे वळली. "भाऊजी, घरी नको. हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत न्या. भाडं किती होईल?"

थोरला चमकला. "घरच्या मशीनचं कसलं भाडं?"

"घरचं नाही, माझं आहे. भाडं सांगा."

तेव्हा थोरली पुढे आली. सकाळपासून तिच्या चेहऱ्यावर कापड कोंबल्याची लाज होती, ती आता कुठे गेली ते कळत नव्हतं. तिने धाकटीपुढे तळहात पसरला.

"जे काय देशील ते माझ्या हातात दे," ती म्हणाली. "टेंपो माझ्या कर्जाचा आहे. आणि ते सहा महिन्यांत मलाच फेडायचंय." मग नवऱ्याकडे न बघता ती पुढच्या सीटवर चढून बसली.

धाकटीने तिच्या हातावर भाडं ठेवलं आणि ती थोरलीशेजारी बसली. पुढे तिसरीला जागा नव्हती. मागे मशीन एकटं होतं, आणि गल्लीचा रस्ता खड्ड्यांचा. मुकादमिणीने पदर खोचला, चाकावर पाय दिला आणि साठीच्या गुडघ्यांनी कशीबशी वर चढली. मशीनला दोन्ही हातांनी धरून ती फळीवर बसली. तिला चढ असं कुणी म्हटलं नव्हतं. थोरल्याने आरशातून मागे पाहिलं, धाकटीने मान वळवून पाहिलं, आणि उतरा असंही कुणी म्हटलं नाही.